लढवय्याचे वतन कोणी बुडविले?

दरोडा पडला की निदान आरडाओरडा तरी होतो. येथे पन्नास वर्षे दरोडा चालू आहे, तोही दिवसाढवळ्या, छापील पुस्तकांतून, रंगीत चित्रांसकट. आणि ज्याचे घर धुऊन नेले त्यालाच वर ऐकवले जाते की बाबा रे, तू साधासुधा गडी, तुला एवढ्या सामानाचे करायचे काय? आम्ही बोलतो आहोत ते ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातल्या फायटरविषयी. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, एक जण डंजन मास्टर होऊन जग चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि अडल्या प्रसंगी काय घडणार ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. या टोळीत तलवार उपसून सर्वांत पुढे उभा राहतो तो फायटर. पहिला मार त्याचा आणि पंगतीत शेवटचे पानही त्याचेच. हे दैवाने घडलेले नव्हे. ते नियम लिहिणाऱ्यांनी घडवलेले आहे आणि त्यांची नावे प्रत्येक आवृत्तीच्या पहिल्या पानांवर अभिमानाने छापलेली आहेत.

आधी या माणसाचे वतन काय होते ते पाहा. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ तीन पातळ पुस्तिकांच्या रूपाने बाहेर पडला. पेशे तीनच: लढवय्या, जादूगार आणि पुरोहित. जादूगाराच्या हाती खंजिरापलीकडे हत्यार नाही, पुरोहिताला धारेचे शस्त्र वर्ज्य. म्हणजे जादूच्या तलवारी लढवय्याच्याच. आणि त्या तलवारी म्हणजे नुसते पाजळलेले लोखंड नव्हते. काहींना बुद्धी होती, काही बोलत. नशीब जोरावर असले तर तलवार धन्याला आकाशात उडवी, भिंतीपलीकडचे दाखवी, क्षणात दुसरीकडे नेऊन ठेवी. लढवय्याला मंत्र येत नव्हते, पण मंत्रांचे फळ त्याच्या कमरेला लटकत होते. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’ने या हक्कांवर मोहोर उठवली. नवव्या लेव्हलचा फायटर गढी बांधी, मुलूख मोकळा करी, त्याच्या निशाणाखाली शिपाई चाकरीला येत आणि मुलखातल्या दर डोई दरमहा ७ चांदीची नाणी महसूल त्याच्या तिजोरीत पडे. किरकोळ सैनिकांच्या घोळक्यात शिरला तर जितकी लेव्हल तितके घाव, एका फेरीत. वरच्या लेव्हलला विषापुढे आणि मंत्रापुढे तो भक्कम टिकून राही. जादूगार तेव्हाही वर पोचल्यावर भयंकरच होता. पण त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस जहागीरदार होता.

पहिला लचका १९७५ मध्ये तोडला गेला. ‘ग्रेहॉक’ या पुरवणीतून पॅलाडिन आला: फायटरचे सगळे घ्या, वर हाताच्या स्पर्शाने जखमा बुजवण्याची शक्ती द्या, रोगांपासून अभय द्या, एक असामान्य घोडा द्या. त्याच वर्षी ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकातून रेंजर आला. टोल्कीनच्या ॲरागॉर्नचा हा जुळा भाऊ, माग काढण्यात तरबेज, आणि वर गेल्यावर मंत्रही म्हणणारा. १९८२ मध्ये ‘ड्रॅगन’ मासिकात खुद्द गायगॅक्सने बार्बेरियन आणला. १९८५ च्या ‘अनअर्थ्ड आर्काना’त त्याच्या जोडीला कॅव्हेलियर. सगळ्यांची कुंडली एक: फायटर अधिक काहीतरी. दर वेळी नव्या वारसाला वाटा काढून दिला आणि मूळ मालकाच्या सातबाऱ्यावरून तेवढी जमीन कमी झाली.

या अन्यायावर तेव्हाच्या नियमकर्त्यांनी जी उत्तरे दिली त्यांतले पहिले तर शुद्ध थट्टा आहे. म्हणे पॅलाडिन दुर्मीळ! त्याला करिश्मा १७ लागतो आणि तीन फासे टाकले तर २१६ पैकी चारच वेळा १७ किंवा १८ पडतात. पडू द्या! दुर्मीळपणा पात्र जन्मण्यापुरता. एकदा ते जन्मले की दर आठवड्याला टेबलावर येऊन बसते, दर लढाईत लढते, आणि शेजारच्या फायटरने ‘असे पॅलाडिन शंभरांत दोनसुद्धा निघत नाहीत’ एवढ्यावर समाधान मानायचे. दुसरे उत्तर बंधनांचे. पॅलाडिनने कमाईचा दहावा हिस्सा धर्मादाय द्यावा, जादूच्या वस्तू दहाहून अधिक बाळगू नयेत. बार्बेरियनला जादूचा तिटकारा, इतका की जादूची वस्तू मोडली तर त्याला अनुभवाचे गुण मिळत. आता अशी वस्तू येते कुठून? टोळीने जीव धोक्यात घालून मिळवलेल्या लुटीतून. एकाच्या जादा ताकदीची किंमत चार साथीदारांनी भरायची, याला तोल म्हणत! तिसरे उत्तर मात्र प्रामाणिक होते आणि ते आम्ही मान्य करतो. दुसरी लेव्हल गाठायला फायटरला २,००० गुण पार करावे लागत, रेंजरला २,२५०, पॅलाडिनला २,७५० आणि बार्बेरियनला तब्बल ६,०००. जास्त माल, जास्त दाम. हिशेब ओबडधोबड होता, पण हिशेब होता.

२००० साली ती चोपडीही जाळण्यात आली. मूळची टीएसआर कंपनी १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली होती. (नावच विझार्ड्स. आम्ही काही बोलत नाही.) तिसऱ्या आवृत्तीत सर्व पेशांना अनुभवाचा एकच तक्ता लागू झाला. वा रे समता! दाम सारखा झाला, माल मात्र सारखा झाला नाही. गढी गेली, शिपाई गेले. त्यांच्या जागी ‘लीडरशिप’ नावाचा फीट (निवडून घ्यायचा जादा गुण) आला, जो कोणीही घ्यावा, आणि मागे किती माणसे उभी राहणार ते ठरणार करिश्म्यावर. म्हणजे गोड गळ्याच्या बार्डमागे पलटण आणि आयुष्यभर रण तुडवलेला सेनानी एकटा. मनोबलाची सेव्ह, म्हणजे मन वश करणारा मंत्र झेलण्याची फेक, दुबळी केली. शत्रूच्या जादूगाराने एक मंत्र फुंकावा आणि आमच्याच वीराने आमच्याच माणसांवर तलवार धरावी अशी सोय झाली. कौशल्यांची यादी वाचा: चढणे, पोहणे, उडी मारणे, घोड्यावर बसणे, धमकावणे. पाहणे आणि ऐकणे तिच्यात नाही. ज्याला पहाऱ्यावर उभे करायचे त्यालाच आंधळा-बहिरा ठेवणारा सेनापती इतिहासात दुसरा झाला नसेल. पाच फुटांपेक्षा जास्त पाऊल टाकले तर कमावलेल्या चार घावांतला एकच उरे. मोबदला? वीस लेव्हलांत अकरा जादा फीट. आणि तिकडे पुरोहित ‘डिव्हाइन पॉवर’ हा चौथ्या दर्जाचा एक मंत्र म्हणे आणि त्या लढाईपुरता फायटरचा तरबेज हात भाड्याने घेई. बाकीचे मंत्र त्याच्या पदरी शिल्लकच.

दोनदा या घराण्याला शहाणपण सुचले, हेही नोंदवले पाहिजे. २००६ च्या ‘टोम ऑफ बॅटल’ने तलवारबहाद्दरांना नावे असलेले, आठवून खेळता येणारे डाव दिले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तर फायटर खऱ्या अर्थाने रणांगणाचा धनी झाला. तो ज्याच्यावर नजर रोखी त्याला दुसऱ्या कोणावर वार करणे जड जाई. शेजारून निसटू पाहणाऱ्याला वार बसला की त्याचे पाऊल तिथेच थांबे. यावर खेळाडूंनी काय केले? फुले उधळली? छे! ‘हे फायटर नव्हेत, मंत्र म्हणणारे पैलवान आहेत’, ‘जपानी कार्टून आहे’, ‘सगळे पेशे एकसारखे केले’ अशी कोल्हेकुई केली. चौथ्या आवृत्तीत दोष होते. तिच्यातल्या लढाया लांबत, आणि पेशांची मांडणी एका साच्याची होती. पण ओरड निव्वळ त्या दोषांवर नव्हती. शिपायाने आपल्या जागेवरून उठून जादूगाराच्या पंगतीला बसावे, हेच त्यांना सहन झाले नाही. नियमकर्त्यांचे धैर्य दोन वर्षे टिकले. २०१० मध्ये ‘एसेन्शियल्स’ पुस्तकांतून साधा, सोपा, गप्प बसणारा फायटर परत आला.

आता एक कसोटी लावू. मराठी मुलाला लढवय्या म्हटले की जे डोळ्यांपुढे येते तेच घ्या: १६६० चा पावसाळा, घोडखिंड, मागे विशाळगडाची वाट, समोर सिद्दी मसूदची फौज, आणि खिंडीत बाजीप्रभू. पुण्या-मुंबईच्या टेबलावर कोणी असा प्रसंग मांडला तर पुस्तक काय म्हणते? खिंड चार-पाच माणसे शेजारी शेजारी जातील एवढी रुंद धरा. १९७८ चे नियम म्हणतात, नवव्या लेव्हलचा वीर आहे ना, मग फेरीला नऊ शिपाई त्याच्या तलवारीखाली येतील. २००८ चे नियम म्हणतात, प्रत्येक शत्रूच्या पाळीत, जो जो निसटू पाहील त्याच्यावर वार करण्याचा हक्क या वीराला आहे, आणि वार लागला की तो जागीच अडला. खिंड लढते! २०१४ ची पाचवी आवृत्ती काय म्हणते? फेरीला एकच रिॲक्शन. पहिला शत्रू शेजारून गेला तर एक वार करा, आणि तो वार खाऊनही जिवंत राहिला तर चालत पुढे जाईल. दुसरा तसाच जाईल. तिसरा जाईल. शंभरावाही जाईल. ‘सेंटिनेल’ फीट घेतला असेल तर एक जण थांबेल, एकच. त्याच नवव्या लेव्हलचा विझार्ड मात्र ‘वॉल ऑफ फोर्स’ म्हणेल आणि १०० फुटांपर्यंतची अदृश्य भिंत १० मिनिटे उभी करील, जिच्यावर तलवार-भाल्याचा ओरखडाही उठत नाही. बाजींना रजा द्या आणि पोथीवाल्याला पाठवा, असे हे पुस्तक तुम्हांला सांगते आहे. हेच पुस्तक फायटरला नवव्या लेव्हलला देते काय? ‘इन्डॉमिटेबल’, म्हणजे अजिंक्य. त्या अजिंक्यपणाची व्याख्या अशी: दिवसातून एकदा, फसलेली सेव्ह पुन्हा टाकून पाहावी. तीही त्याच दुबळ्या अंगाने, म्हणजे बहुधा पुन्हा फसण्यासाठी.

त्याच्या शेजारचा पॅलाडिन सहाव्या लेव्हललाच दहा फुटांतल्या सर्व साथीदारांच्या प्रत्येक सेव्हला आपल्या करिश्म्याची जोड देत असतो, दिवसभर, फुकट. योद्ध्यांमधला तोल तो हा! आणि आकडेच हवे असतील तर घ्या. चॅम्पियन हा फायटरचा उपवर्ग तिसऱ्या लेव्हलला मिरवतो तो हक्क असा की २० बरोबरच १९ पडला तरी घाव निर्णायक ठरावा. वीस घावांत एकदा जादा. दोन हातांची मोठी तलवार असेल तर त्या जादा वेळी दोन फासे वाढतात, सरासरी ७. म्हणजे वीस घाव घाला तेव्हा सात मिळवा. आणि तिसऱ्या लेव्हलला एका पाळीत घाव एकच असतो. पॅलाडिन घाव लागला हे पाहून मग ठरवतो की वर ‘डिव्हाइन स्माईट’ ओतायचा, आणि त्याच्या सर्वांत हलक्या हप्त्याला सरासरी ९ मिळतात. एका क्षणात. यावर समर्थक सांगतात की पॅलाडिनचे मंत्र संपतात, फायटर दिवसभर टिकतो. हे कागदावर खरे, कारण २०१४ चे ‘डंजन मास्टर्स गाइड’ दिवसाला सहा ते आठ लढाया धरून बसले आहे. सहा ते आठ! नोकरीधंदा सांभाळून शनिवारी रात्री जमणाऱ्या कोणत्या टेबलावर खेळातल्या एका दिवसात इतक्या लढाया होतात? एक होते, फार तर दोन. पॅलाडिन पहिल्याच लढाईत तिजोरी रिकामी करतो, झोपतो, सकाळी पुन्हा भरतो. फायटरच्या दमाची परीक्षा घ्यायला कोणी उरतच नाही.

फायटरच एकटा नागवला गेला असेही नाही. २०१४ चा रेंजर आपल्या अरण्यात वाट चुकू शकत नव्हता. म्हणजे ज्या प्रवासात त्याला पराक्रम गाजवायचा तो प्रवासच नियमाने गाळून टाकला. मंत्राचा एक स्लॉट खर्चून त्याला कळे की मैलभरात कुठेतरी ड्रॅगन आहे. कुठे? ठाऊक नाही. किती? ठाऊक नाही. बीस्ट मास्टर झाला तर त्याच्या लांडग्याला चावायला सांगण्यासाठी त्याने स्वतःचा हात थांबवायचा. बर्सर्कर बार्बेरियन आपल्या नावाला जागून बेभान लढला की लढाईनंतर थकव्याने लुळा पडे. आपलाच गुण वापरल्याबद्दल दंड भरणारा पेशा आम्ही दुसरा पाहिला नाही. योद्ध्यांत धष्टपुष्ट कोण? ज्याने देवाकडून उसने आणले तो. ज्याचे सर्वस्व स्वतःच्या मनगटात, तो उपाशी.

असे का व्हावे? कारण या खेळात मंत्र म्हणजे सनद आहे. ‘मी उडतो’ असे जादूगार म्हणाला की तो उडाला. पाचव्या लेव्हलपासून पुस्तकात लिहिले आहे, डंजन मास्टरची परवानगी लागत नाही. ‘मी राक्षसाच्या खांद्यावर चढून त्याचे डोळे झाकतो’ असे फायटर म्हणाला की सुरू होतो अर्जविनंतीचा खटाटोप. बरं, फासा टाक. बरं, अजून एक टाक. नाही जमले. आमचा आरोप हा आहे: पन्नास वर्षे नियमकर्ते फायटरच्या तक्रारीला जादा आकड्यांनी गप्प करत आले आणि त्याला सनद मात्र एकही टिकू दिली नाही. सतराव्या लेव्हलला विझार्ड ‘विश’ मागून वास्तवच बदलतो. फायटरला त्या लेव्हलला काय मिळते? ॲक्शन सर्ज, म्हणजे पाळीत एक जादा कृती, आणखी एकदा.

आणि या लुटीवर वास्तववादाचे पांघरूण घालतात! माणसाने माणसासारखेच लढावे म्हणे. ठीक, वास्तव पाहू. २०१४ च्या याच पुस्तकात कितीही उंचावरून पडले तरी जास्तीत जास्त २० फासे, सरासरी ७०. विसाव्या लेव्हलचा धडधाकट फायटर ढगातून कोसळतो, धूळ झटकतो आणि चालू लागतो. तेथे वास्तव आड येत नाही. मात्र त्याच महावीराची, ताकद २० असताना, धावत येऊन मारलेली हक्काची लांब उडी २० फूट. चॅम्पियनला ‘रिमार्केबल ॲथलीट’ म्हणून गौरवले आणि ५ फूट वाढवून दिले, म्हणजे २५. माइक पॉवेलने १९९१ मध्ये टोकियोत ८.९५ मीटर, म्हणजे २९ फुटांहून अधिक उडी मारली. तो कोणत्याही लेव्हलचा नव्हता, बिचारा अमेरिकेचा लांब उडीचा खेळाडू होता.

दुसरे पांघरूण नवशिक्याचे. फायटर सोपा हवा, नवीन येणाऱ्याला काहीतरी सोपे नको का? हवेच. मग सोपा विझार्ड का काढत नाही? मंत्रांची चळत नको असलेला, चार ठसठशीत शक्ती घेऊन बसणारा जादूगार कोणाला नको आहे? आणि आठ वर्षे खेळून मुरलेल्या माणसाला तलवारच आवडत असेल, तर त्याने जन्मभर बालवाडीत का बसावे?

२०२४ च्या पुस्तकाने मलमपट्टी केली, ती आम्ही नाकारत नाही. पॅलाडिनच्या स्माईटला पाळीत एकदाच अशी वेसण घातली. त्यावर पॅलाडिनप्रेमींनी जो टाहो फोडला तो ऐकूनच समजावे की वेसण योग्य जागी बसली. इन्डॉमिटेबलला फायटरच्या लेव्हलइतकी जोड मिळाली. ‘टॅक्टिकल माइंड’मुळे लढाईबाहेरही त्याला थोडे तोंड उघडता येते. शस्त्रांना आठ प्रकारच्या ‘मास्टरी’ आल्या: पाडणे, ढकलणे, रेंगाळायला लावणे वगैरे. उत्तम! पण त्या लगेच बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर आणि ‘रोग’ (चोर) यांनाही वाटल्या. फायटरला सुरुवातीला तीन, त्यांना दोन. पुन्हा तेच! त्याच्या विहिरीला पाणी लागले की आधी गावभर पाट काढायचे. बार्बेरियनला आता रागाने लालबुंद होऊन दबक्या पावलांनी चालताही येते, तेही मनगटाच्या जोरावर. हे वाचून आम्ही हसलो, पण त्यात निदान कल्पना आहे. रेंजरचे काय? वीस लेव्हलांची तपश्चर्या पुरी झाल्यावर त्याच्या ‘हंटर्स मार्क’चा फासा सहा बाजूंचा होता तो दहा बाजूंचा होतो. घावामागे सरासरी दोन गुण जास्त. एवढ्या तपाला एवढा प्रसाद देणारा देव भक्तांनी केव्हाच पाण्यात बुडवला असता.

यापेक्षा बरे करताच येत नाही, असे कोणी सांगू नये. २०१२ च्या ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’मध्ये योद्धा प्रत्येक हल्ल्यापूर्वी मनात येईल तो पराक्रम जाहीर करतो, हल्ल्याबरोबर एक छोटा जादा फासा टाकतो, आणि घाव लागून त्या फाशावर तीन किंवा अधिक पडले की तो पराक्रम घडतो. खांद्यावर चढायचे, झुंबराला लोंबकळायचे, ढाल हिसकायची. अर्ज नाही, विनंती नाही. पहिल्या लेव्हलपासून, आणि अशी सनद फक्त योद्ध्याला आणि ड्वार्फ या पेशाला. २०१९ च्या ‘पाथफाइंडर’ दुसऱ्या आवृत्तीने पहिल्याच लेव्हलला फायटरचा हात बाकी सर्व योद्ध्यांपेक्षा दोन गुणांनी सरस ठेवला; आणि तेथे लक्ष्याहून दहा अधिक पडले की घाव दुप्पट होतो, म्हणून ते दोन गुण भारी पडतात. निसटत्या शत्रूवर वार करण्याचा हक्कही पहिल्या लेव्हलला तिथे त्याचाच आहे. तिथे चॅम्पियन हा वेगळाच पेशा आहे, तो साथीदाराला वाचवतो, बार्बेरियन सर्वांत जड हाणतो, रेंजर एका सावजामागे लागतो, आणि त्यांच्यापैकी कोणाकडेही फायटर पाहून ‘याचे काम मी उरल्या वेळात करीन’ असे म्हणण्याची सोय नाही.

तेव्हा आमची मागणी डंजन मास्टरांकडे आहे, कंपनीकडे नाही. कंपनीला पन्नास वर्षे दिली. येत्या शनिवारी आपल्या टेबलावरच्या फायटरच्या हाती तो छोटा फासा ठेवा. नवव्या लेव्हलला त्याला गढी आणि शिपाई परत द्या. अडवायला उभा राहिला तर फेरीला एकाला नव्हे, येईल त्या प्रत्येकाला अडवू द्या. आणि विझार्डने हरकत घेतली, की हे पुस्तकात कुठे लिहिले आहे, तर त्याला शांतपणे विचारा की गेल्या सहा महिन्यांत तू जे जे उडवलेस, वितळवलेस, अदृश्य केलेस, त्यातल्या किती गोष्टींसाठी माझी परवानगी मागितलीस?